समोर ओबो, हॉर्न आणि बालवाडीची मुलं

मालवण तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या बाईंनी विचारलं आहे: बालवाडी ते चौथी मिळून शंभरेक मुलं आहेत, आठ-नऊ वादकांचा चमू यायला तयार आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं संगीत मुलांना प्रत्यक्ष ऐकवायचं आहे, पण त्यांना सामील करून घेऊन. मुलं किती वेळ बसतील? आधी वर्गात काय शिकवावं? सामील करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि गावातली माणसं म्हणतात, ह्या परक्या संगीताचं आमच्या पोरांना काय, त्यांना काय सांगावं?

बाई, मी चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं, खर्जातलं वाद्य, वाजवते आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लहान मुलांसाठी असे कार्यक्रम बरीच वर्षं बसवत आले आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर तुमच्या मनात पक्कं असलं की बाकीच्या गोष्टी ठरवणं सोपं जातं.

तुमच्या मुलांनी देवळातला नगारा ऐकलाय, सनई ऐकलीय, पालखीपुढचं शिंग ऐकलंय. युरोपच्या वाद्यवृंदात टिंपनी म्हणून जी तांब्याची मोठी चर्मवाद्यं असतात, ती अरबी-तुर्की नक्काऱ्यापासूनच तिकडे घडली. आपला नगाराही त्याच घरचा. ओबो आणि बसून ही सनईसारखीच दुहेरी पत्तीची वाद्यं आहेत, वादकाच्या ओठांत दोन पातळ पत्त्या एकमेकींवर थरथरतात आणि त्यातून सूर निघतो. हॉर्न हे मुळात शिकाऱ्याचं शिंग, त्याची गुंडाळलेली नळी सरळ केली तर पावणेचार मीटरच्या आसपास भरते. पेटी तर युरोपातूनच आली आणि आज तिच्यावाचून भजन उभं राहत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. तिथले वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यांची मांडणी वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसोझा लिहीत. म्हणजे जे आजोबा ‘परकं’ म्हणतात, त्यांनी हे व्हायोलिनचे ताफे रेडिओवर जन्मभर ऐकलेत. त्यांना कार्यक्रमाला बोलवा, पहिल्या रांगेच्या बाजूला खुर्ची द्या, वेगळं काही सांगावं लागणार नाही. फक्त पत्रकावर नुसतं ‘ऑर्केस्ट्रा’ छापू नका, लोक सिनेमाच्या गाण्यांच्या तयारीने येतात. वाद्यांची नावं छापा.

मुलं बसतील का, ह्याची काळजी मला कोकणात कधीच वाटत नाही. जत्रेत रात्री दशावतार चालू असताना पाच वर्षांचं पोर आजीच्या मांडीवर टक्क जागं असतं. राक्षस येतो तेव्हा पखवाज आणि झांज कशी चढते, राणी रडते तेव्हा पेटी कशी मागे सरते, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. वाद्यांवरून माणूस ओळखायची सवय त्याला आधीच आहे, आणि तीच आपल्याला हवी आहे.

आता सामील करून घेण्याबद्दल. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलांच्या बहुतेक कार्यक्रमांत निवेदक दर दोन मिनिटांनी ‘टाळ्या वाजवा’, ‘अजून जोरात’ म्हणतो. मुलं खूश दिसतात, पालक मोबाइलवर चित्रीकरण करतात. पण शंभर मुलांच्या टाळ्यांखाली बासरी बुडते, चेलो बुडतो, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच कुणाला ऐकू येत नाही. शिवाय लहान मुलांच्या टाळ्यांची लय हमखास वाढत जाते, मग वादक त्यांच्यामागे धावतात. मी दोनच गोष्टी तपासते. मुलाने जे केलं त्याने वादकांचं वाजवणं बदललं का? आणि काय बदललं ते कळायला त्याला कान द्यावा लागला का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच तो खेळ कार्यक्रमात ठेवायचा.

उदाहरण देते. ऑफेनबाख ह्या संगीतकाराच्या 1858 च्या एका ऑपेरेटात, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकात, कॅन-कॅन नाचाची धून आहे, अतिशय वेगवान, ऐकताच पाय हलायला लागतात. सां-सान्सने 1886 मध्ये ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ रचला, त्यात कासवांसाठी हीच धून घेतली आणि ती इतकी संथ केली की ओळखूच येऊ नये. मी आधी ती वेगात वाजवून घेते. मग एका मुलाला पुढे बोलावते आणि सांगते, तुझा हात जेवढा हळू चालेल तेवढं हे हळू वाजवतील. मूल पहिल्यांदा घाबरत हात हलवतं, वादक खरोखर त्याच्या हाताबरोबर जातात, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहायला मी कितीही लांब जाईन. हात हळू होत होत धून कासवाची होते. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना ज्यांनी पाहिली आहेत, ती मुलं तर आपणहून सतरंजीवर ओणवी होतात. पण खरा क्षण पुढचा आहे. आता मी काही न सांगता सां-सान्सचं कासव मूळ रचनेतलं वाजवून घेते आणि विचारते, ह्यात ती मघाची धून कुठे लपली आहे? शंभर मुलं गप्प होऊन ऐकतात. ‘गप्प बसा’ म्हणावं लागत नाही.

दुसरा खेळ संगीतकार हायडनच्या 94 व्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेचा. 1792 मध्ये लंडनमध्ये ती पहिल्यांदा वाजली. तिच्या दुसऱ्या भागात एक साधी, बोटं चालवल्यासारखी धून हलक्या आवाजात वाजते, मग तीच आणखी बारीक वाजते, आणि शेवटी सगळा वाद्यवृंद एकदम दणका देतो. लहानग्यांना दणका येणार आहे हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर बालवाडीतलं एखादं मूल असं दचकतं की पुढचा सगळा कार्यक्रम आईच्या पदरात जातो. कधी येणार ते मात्र सांगायचं नाही, ते ओळखणं हेच त्यांचं काम. मोठ्यांना वाटतं की मजा दणक्यात आहे. मला त्याच्या आधीच्या आठ मात्रा-गटांत असते, जेव्हा व्हायोलिन अगदी बारीक वाजतं आणि मुलं नकळत पुढे झुकतात. बारीक आवाज लक्ष देऊन ऐकण्याची ही सवय घरी कुठलाही स्पीकर लावून देता येत नाही. टिंपनी टेम्पोत घालून आणणं परवडत नाही, म्हणून दणका देवस्थानच्या नगाऱ्यावर घ्या. त्यासाठी मानकऱ्यांना आणि नगारा वाजवणाऱ्या माणसाला आधी विचारा, आणि त्याला वादकांबरोबर एक तालीम मिळू द्या. गावचा माणूस त्या आठ जणांत बसलेला दिसला की मुलांच्या लेखी तो वाद्यवृंद गावाचा होतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. आपलं संगीत एका सुरावटीचं. बुवा गातो, पेटी त्याच्यामागून तेच वाजवते, कोरस तेच उचलतो. दोन वेगळ्या सुरावटी एकाच वेळी चालतात आणि तरी भांडत नाहीत, हा अनुभव आपल्या बहुतेक मुलांना कधी मिळालेला नसतो. वेंगुर्ला-सावंतवाडीकडची जी मुलं चर्चच्या गायनवृंदात जातात तेवढ्यांना तो असतो, त्यांना कार्यक्रमात जरूर पुढे घ्या. वाद्यवृंदाचं खरं वैभव ह्यातच आहे, आणि ते बोलून समजावता येत नाही. मी ह्यासाठी बिझे ह्या संगीतकाराची ‘फारांदोल’ ही रचना वापरते. त्यात आधी एक ठसठशीत कूचगीतासारखी चाल येते, मग एक चपळ नाचाची चाल, आणि शेवटी दोन्ही एकत्र. आठवडाभर आधी दोन्ही चाली वर्गात ‘ला ला’वर गाऊन घ्यायच्या. कार्यक्रमात मुलांचे दोन गट करायचे: आपली चाल ऐकू आली की त्या गटाने उभं राहायचं, थांबली की बसायचं. सुरुवातीला गट आळीपाळीने उठतात. मग दोन्ही गट एकदम उभे राहतात, एकमेकांकडे बघतात, कुणीतरी चुकलंय असं त्यांना वाटतं. तिथे वादकांना थांबवू नका आणि काही सांगूही नका. दुसऱ्यांदा वाजवलं की तिसरी-चौथीतल्या मुलांना कळतं. बालवाडीला नाही कळलं तरी चालेल, ती उठबस करतात.

एवढे तीन खेळ पुरेत. ह्यांच्या जोडीला एक गाणं हवं, ज्यात सगळी शाळा गाईल आणि वादक साथ करतील. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलचा ‘लिंक अप’ हा उपक्रम ह्याच कल्पनेवर उभा आहे: मुलं वर्षभर शाळेत शिकतात आणि मग आपल्या जागेवरून वाद्यवृंदाबरोबर गातात, रेकॉर्डर नावाची साधी बासरी वाजवतात. तुम्ही भजनातला एखादा गजर घ्या, जो मुलांना पाठ आहे. वादकांपैकी कुणाकडून तरी त्याची मांडणी लिहून घ्या, आणि मुलांची पट्टी पेटीवर ठरवून निदान दोन आठवडे आधी कळवा. क्लॅरिनेट आणि हॉर्न ह्यांचे कागद वेगळ्या पट्टीत लिहावे लागतात, ऐनवेळी ‘जरा वर घ्या’ म्हणून चालत नाही. मुलांनी आधी एकट्याने गावं, मग वाद्यांबरोबर. खालच्या सुरांत चेलो आणि बसून ही वाद्यं भरायला लागली की मुलांचा आवाज आपोआप सरळ होतो.

आणि मग काहीच करायचं नाही, असा एक भाग हवाच. तीन-चार मिनिटांची एक रचना, मध्ये निवेदन नाही, खेळ नाही, हातवारे नाहीत. सतत काहीतरी करायला लावलं की मुलांचा समज होतो, नुसतं ऐकणं म्हणजे शिक्षा. मी बहुतेकदा सां-सान्सच्या त्याच ‘कार्निव्हल’मधला ‘हंस’ वाजवते, त्याची धून चेलोसाठीच आहे. त्यातलंच ‘मत्स्यालय’ही किनाऱ्यावरच्या मुलांना फार आवडतं, पण त्याला पियानो लागतो.

गोष्ट सांगायची की नाही, ह्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. प्रोकोफिएव्हचं ‘पीटर आणि लांडगा’ हे 1936 मध्ये मॉस्कोच्या मुलांच्या नाट्यगृहासाठी नतालिया सात्स ह्यांनी लिहून घेतलेलं काम. त्यात पक्षी बासरी, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा बसून, लांडगा तीन हॉर्न आणि पीटर तंतुवाद्यं. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, दोन व्हायोलिन आणि चेलो एवढ्या आठ जणांत त्याची छोटी मांडणी नीट बसते, म्हणून तुमच्या चमूला ते सोयीचं आहे. निवेदन मालवणीतून करा, आणि शक्य असेल तर दशावतारातल्या नटाकडून. बसूनच्या आवाजातला आजोबा मालवणीत जेवढा चिडतो तेवढा प्रमाण मराठीत चिडत नाही. लांडग्याचा बिबट्या करायचा मोह होईल, करू नका. बिबट्या आपल्याकडे अंगणातून खरोखर कुत्रं नेतो, चार वर्षांच्या मुलाला ती गोष्ट राहत नाही. बंदुकीचे बार मूळ रचनेत टिंपनी आणि मोठ्या ढोलावर आहेत, तिथे नगारा पुन्हा कामाला येतो.

पण कार्यक्रमात सगळंच गोष्टीचं नसावं. वाद्यवृंद-संचालक लिओनर्ड बर्नस्टाइनने 18 जानेवारी 1958 ला न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठीच्या आपल्या मैफलींची मालिका सुरू केली, ती 1972 पर्यंत टीव्हीवर चालली. पहिल्याच कार्यक्रमाचा विषय होता, संगीताचा अर्थ काय. ‘विल्यम टेल’ ह्या ऑपेराची सुरावट मुलांना टीव्हीवरच्या घोडेस्वाराच्या मालिकेतून ओळखीची होती, ती वाजवून त्याने त्यांना सांगितलं की तुम्हाला जो टीव्हीवरचा घोडेस्वार दिसतोय तो ह्या संगीतात नाही. संगीत सुरांबद्दल असतं. मला हे पूर्ण पटतं. गोष्टीमुळे मूल आत येतं, पण दरवेळी गोष्ट दिली तर बिनगोष्टीचं संगीत त्याला रिकामं वाटायला लागतं. म्हणून ‘फारांदोल’ला मी कधीही गोष्ट लावत नाही.

एक गोष्ट मात्र मी कोकणात नेहमी सांगते, कारण ती कल्पित नाही. 1772 मध्ये हायडनचे वादक एस्टरहाझी सरदाराच्या उन्हाळी राजवाड्यात अडकून पडले होते. मुक्काम लांबत चालला होता आणि बायकामुलं दूर आयझनश्टाटला. हायडनने एक सिंफनी लिहिली, तिच्या शेवटी एकेक वादक आपलं वाजवणं संपवतो, मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात. सरदाराला निरोप कळला आणि त्याने परतायचा हुकूम दिला. ज्या मुलांचे वडील मुंबईला नोकरीला आहेत आणि गणपतीला रजा मिळेल की नाही ह्याची घरात चर्चा चालते, त्यांना ही गोष्ट लगेच कळते. कार्यक्रमाचा शेवट ह्या भागाने करा. प्रत्येक वादक उठताना मुलांनी हात हलवून त्याला घरी पाठवायचं, तोंडाने आवाज न करता. मेणबत्त्यांऐवजी लहान बॅटऱ्या चालतील. सतरंजी आणि मुलं जवळ असताना उघडी ज्योत नको.

वेळेचं गणित सांगते. बालवाडी आणि पहिली-दुसरीचा एक कार्यक्रम अर्ध्या तासाचा, तिसरी-चौथीचा वेगळा पाऊण तासाचा. एकत्र बसवलं तर लहानांना लांब होतं आणि मोठ्यांना बाळबोध. ‘पीटर’ पूर्ण घेतलं तर त्यालाच अर्धा तास जातो. मग मोठ्यांच्या कार्यक्रमात एक खेळ, गजर आणि हायडनचा निरोप एवढंच ठेवा, आणि बालवाडीला ‘पीटर’मधले फक्त पक्षी, बदक, मांजर वाजवून दाखवा. सकाळी साडेनऊला सुरू करा. पंखे बंद ठेवता आले पाहिजेत, आणि दुपारी ते शक्य होत नाही.

जागा म्हणून देवळाचा सभामंडप मला कुठल्याही सभागृहापेक्षा जास्त आवडतो. जांभ्याच्या भिंती, लाकडी तुळया आणि कौलं, आवाज घुमत नाही आणि हरवतही नाही. पत्र्याची शेड टाळा. मैदान तर नकोच, तंतुवाद्यांचा आवाज मोकळ्यावर उडून जातो आणि मग माइक लावावे लागतात. माइक फक्त निवेदकाला. मूल वाद्याकडे बघत असेल तर आवाज तिथूनच यायला हवा, बाजूच्या खोक्यातून नाही. मुलांना अर्धवर्तुळात वादकांपासून दोन मीटरवर बसवा, पण नगाऱ्याच्या अगदी समोर कुणी नको. ज्या मुलांना मोठा आवाज सहन होत नाही, स्वमग्न मुलं असतील किंवा नुसती घाबरट, त्यांना दाराजवळची जागा द्या, ओळखीच्या ताई बरोबर असू द्या, आणि हवं तेव्हा बाहेर जाऊन परत येता येईल हे त्यांना आदल्या दिवशी जागेवर नेऊन दाखवा. कानावर लावायचे मफ दोन-तीन आणून ठेवा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, व्हायोलिनच्या खुंट्या अडकतात, धनुष्याचे केस सैल पडतात, आणि नगाऱ्याचं कातडं तर बोलतच नाही. वाद्यं रात्रभर गाडीत ठेवू देऊ नका, आणि वादक आल्यावर अर्धा तास वाद्यांना त्या हवेत नुसतं राहू द्या. सूर जुळवणं मुलांसमोरच होऊ द्या: ओबो एक सूर देतो आणि बाकीचे त्याला मिळवतात. भजनाआधी पखवाजाला कणीक लावून आवाज बसवताना मुलांनी पाहिलेलं असतं, इथे काय चाललंय हे त्यांना लगेच समजतं.

वर्गातली तयारी थोडीच करा. रोज पाच मिनिटं, ‘फारांदोल’च्या दोन चाली आणि गजर. वाद्यांचे तक्ते पाठ करून घेऊ नका, नाव नंतर येतं. कार्यक्रमानंतर मुलांना पाच-पाचच्या गटात वाद्यांजवळ जाऊ द्या. चेलोच्या पोटाला तळहात लावून वाजवताना आतली थरथर जाणवू द्या, व्हायोलिनच्या धनुष्याच्या केसांना मात्र बोट लावू देऊ नका, हाताचं तेल लागलं की ते पकडत नाहीत. फुंकवाद्यं तोंडाला लावू देऊ नका, ती फक्त बघायची. दुसऱ्या दिवशी चित्रं काढायला सांगण्याऐवजी एकदा ‘ला ला’वर विचारा, कासवाची चाल कुणाला आठवते.

हक्कांचं एक बघून घ्या. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. प्रोकोफिएव्ह 1953 मध्ये गेला, म्हणजे 2014 पासून मूळ रचना आपल्याकडे मोकळी आहे. हायडन, बिझे, सां-सान्स ह्यांचा प्रश्नच नाही. मात्र तुम्ही कुणाची आजची मांडणी वापरलीत तर तिचा हक्क त्या मांडणीकाराचा, त्याला विचारा. बेंजामिन ब्रिटन ह्या संगीतकाराचं मुलांसाठीचं प्रसिद्ध वाद्यपरिचयाचं काम अनेकजण सुचवतील. ते मोठ्या वाद्यवृंदासाठी आहे आणि 2036 अखेरपर्यंत हक्कांत आहे, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

पैसे कमी पडले तर व्हायोलिन एक करा, हार-तुरे आणि मंडप काढून टाका, पण ओबो आणि बसून काढू नका. हे वादक मिळणं सगळ्यात कठीण, कदाचित मुंबईहून बोलवावे लागतील. आधी त्या दोघांची तारीख घ्या, मग नगाऱ्यासाठी मानकऱ्यांकडे जा, आणि त्यानंतरच पत्रक छापा.